थांबणाऱ्या पात्यांची कुळकथा

उत्तर समुद्रात हेलिगोलँड नावाचे तांबड्या खडकाचे एक चिमुकले बेट आहे. 1837 मध्ये हाइन्रिश गॅट्के नावाचा एक तरुण जर्मन चित्रकार समुद्राची चित्रे काढण्यासाठी तिथे गेला आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षे तिथलाच होऊन राहिला. चित्रे मागे पडली आणि पक्षी पुढे आले. शरद ऋतूतल्या अंधाऱ्या, दमट रात्री स्थलांतर करणारे थवे बेटावरच्या दीपगृहाभोवती कसे घिरट्या घालतात, आकाशात चांदणे पडताच ते कसे निघून जातात आणि धुके दाटले की काचेवर आपटून कसे कोसळतात, याच्या नोंदी तो वर्षानुवर्षे करत राहिला. बेटावरच्या लोकांनाही या रात्री ठाऊक होत्या. दीपगृहाखाली चंडोल गोळा करणे हा त्यांच्या लेखी एक हंगामच होता. गॅट्केचा ग्रंथ 1891 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या माळावर आज जे कॅमेरे आणि रडार आकाशावर नजर ठेवून असतात, त्यांची वंशावळ शोधत मागे जाऊ लागलो, तर आपण फिरून फिरून याच दीपगृहापाशी येऊन थांबतो. माणसाने उभारलेल्या उंच वस्तूवर पक्षी आपटून मरतात, ही गोष्ट कोणीतरी वहीत तारखेनिशी लिहून ठेवली ती इथे.

गॅट्के एकटा नव्हता. 1879 च्या सुमारास जॉन कॉर्डो आणि हार्वी-ब्राऊन या दोन पक्षिप्रेमी गृहस्थांनी ब्रिटनच्या दीपगृहांवरील रखवालदारांना छापील तक्ते पाठवायला सुरुवात केली: कोणत्या रात्री, कोणत्या वाऱ्यात, कोणते पक्षी आले आणि किती मेले. रखवालदारांनी ते इमानेइतबारे भरले. पुढे ब्रिटिश असोसिएशनने त्यासाठी समितीच नेमली. त्या नोंदींचा अर्थ लावणारे विल्यम ईगल क्लार्क 1901 च्या शरदात स्वतः एडिस्टन दीपगृहात महिनाभर मुक्कामाला गेले. भर समुद्रातल्या त्या खडकावर हौसेने राहायला जाणारे पाहुणे फार नसावेत. अटलांटिकच्या पलीकडे याच सुमारास न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उभा राहिला होता. 1886 पासून त्याच्या मशालीचा उपयोग दीपगृह म्हणून होऊ लागला आणि 1887 च्या ऑक्टोबरात एका वादळी रात्री हजाराहून अधिक पक्षी पायथ्याशी मरून पडलेले सापडले. तिथल्या लष्करी अधिकाऱ्याने ते शास्त्रीय संस्थांकडे पाठवण्याची व्यवस्था केली. मृत पक्षी मोजणे आणि जपून ठेवणे इथवर एकोणिसाव्या शतकाची मजल गेली. त्यांना वाचवावे कसे, हा प्रश्न पुढच्या शतकाच्या वाट्याला आला.

पहिले उत्तर भाबडे, पण मनाला भिडणारे होते. थकलेला पक्षी प्रकाशाभोवती फिरून फिरून दमतो आणि पडतो, तेव्हा त्याला टेकायला जागा द्यावी. नेदरलँड्समधले निसर्गलेखक याक थायसे यांच्या पुढाकाराने दीपगृहांवर शिड्यांसारख्या दांड्या बसवल्या गेल्या, आणि 1910 च्या सुमारास ब्रिटनच्या पक्षिसंरक्षण संस्थेने तोच प्रयोग आपल्या काही दीपगृहांवर केला. वर्गण्या गोळा झाल्या, दांड्यांवर दाटीने बसलेल्या पक्ष्यांची चित्रे छापून आली. गुण मात्र फारसा आला नाही, कारण निदानच अर्धवट होते. पक्षी दमून मरत नव्हता, तो फिरत्या झोतात दिशा हरवत होता. खरा उपाय इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डंजनेसला 1961 मध्ये नव्या दीपगृहाबरोबर सापडला. अख्खा मनोराच बाहेरून प्रकाशाने न्हाऊन निघेल असे दिवे लावले, मनोरा पक्ष्यांना दिसू लागला आणि आपटून मरणाऱ्यांची संख्या घटली. दरम्यान अमेरिकेने उलट दिशेचा धडा घेतला होता. ढगांची उंची मोजण्यासाठी विमानतळांवरून आकाशात सरळ उभा प्रखर झोत सोडत. ऑक्टोबर 1954 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या वॉर्नर रॉबिन्स हवाई तळावर अशा एका झोतापाशी एका रात्रीत सुमारे 50,000 पक्षी मेले. दिवा सतत जळता ठेवावा की लुकलुकता, हा वाद तेव्हापासूनचा. 2009 मध्ये मिशिगनमधल्या दूरसंचार मनोऱ्यांवरच्या अभ्यासाने त्याचा निकाल बराचसा लावला: सतत जळणारे लाल दिवे काढून फक्त लुकलुकते ठेवले तर पक्ष्यांचे मृत्यू 50 ते 71 टक्क्यांनी घटू शकतात. आज पवनचक्कीच्या डोक्यावरचा लाल दिवा लुकलुकतो तो विमानांसाठी, पण त्याचा फायदा पक्ष्यांनाही मिळतो.

आता आपण दुसऱ्या घराण्याकडे वळू. ते विमानांचे आहे आणि त्याचा आरंभ ऑर्व्हिल राइटच्या रोजनिशीत सापडतो. 7 सप्टेंबर 1905 रोजी शेतावरून घिरट्या घालताना त्याच्या विमानाने एक पक्षी मारला. सात वर्षे उलटायच्या आत पारडे फिरले. अमेरिका विमानाने ओलांडणारा पहिला वैमानिक कॅलब्रेथ रॉजर्स एप्रिल 1912 मध्ये लाँग बीचजवळ कोसळून मेला आणि त्याच्या यंत्रात कुरव पक्षी अडकला होता असे सांगतात. मग दुसरे महायुद्ध आले आणि त्याबरोबर रडार. इंग्लिश किनाऱ्यावरच्या रडारच्या पडद्यांवर कधी कधी असे ठिपके उमटत की जिथे ना विमान असे ना जहाज. चालकांनी त्यांना ‘देवदूत’ असे नाव दिले. शत्रूच्या बोटी समजून धावपळही झाली. हे देवदूत म्हणजे पक्षी आहेत, असे सांगणाऱ्यांत डेव्हिड लॅक होते, गालापागोसच्या फिंच पक्ष्यांवरील अभ्यासामुळे पुढे जगाला माहीत झालेले. युद्धकाळात ते लष्कराच्या रडार-संशोधनात होते. 1945 मध्ये त्यांनी आणि कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज वार्ले यांनी ‘नेचर’मध्ये छोटेखानी टिपण लिहिले, तरी बऱ्याच पदार्थवैज्ञानिकांना ते पटले नाही. हवेतल्या बुडबुड्यांचे प्रतिध्वनी असतील असे ते म्हणत राहिले. पक्ष्यांचा पक्ष मान्य व्हायला आणखी दहा-बारा वर्षे लागली. 4 ऑक्टोबर 1960 रोजी बोस्टनहून उडालेले इलेक्ट्रा विमान मैनांच्या थव्यात शिरून पाण्यात पडले आणि 62 माणसे दगावली. त्यानंतर आकाशातला पक्षी हा पक्षिप्रेमींपुरता विषय राहिला नाही. युरोपातल्या हवाई दलांनी थव्यांचे भाकीत करायला सुरुवात केली. डच हवाई दल आणि टीएनओ ही तिथली संशोधन संस्था यांनी मिळून ‘रॉबिन’ नावाची पक्षी मोजणारी रडारप्रणाली बनवली. तिचा उद्देश लढाऊ विमाने वाचवणे हा होता. पक्षी वाचवण्यासाठी तेच रडार कामाला लागेल, याची कल्पना तेव्हा कोणी केली असेल असे वाटत नाही.

वाऱ्यावर वीज करणारी यंत्रे या काळात जवळजवळ निरुपद्रवी होती. 1887 मध्ये स्कॉटलंडात जेम्स ब्लाइथने, पुढच्या वर्षी क्लीव्हलंडमध्ये चार्ल्स ब्रशने आणि 1891 पासून डेन्मार्कच्या आस्कोव्ह गावी पाउल ला कूरने ती उभारली. सगळी एकेकटी. 1975 मध्ये नासाने ओहायोत 100 किलोवॅटची प्रायोगिक पवनचक्की उभी केली, तेव्हा पक्ष्यांचे काय होईल हे पाहायला अभ्यासकही नेमले. फारसे काही घडले नाही आणि निष्कर्ष दिलासा देणारा निघाला. एका पवनचक्कीवरून काढलेला तो निष्कर्ष हजारोंच्या रांगांना लागू पडेल असे मानले गेले, ही या कथेतली सर्वांत महागडी चूक.

तिची किंमत कॅलिफोर्नियाच्या अल्टामाँट खिंडीने मोजली. तेलटंचाईनंतर करसवलतींचा पाऊस पडला आणि 1981 पासून पुढच्या काही वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेकडच्या गवताळ टेकड्यांवर पाच हजारांहून अधिक छोट्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. जागा वाऱ्यासाठी निवडली होती. तिथे बिळे करून राहणाऱ्या खारी विपुल होत्या, त्या खारींवर जगणारे सोनेरी गरुड विपुल होते, आणि जाळीदार लोखंडी मनोरे गरुडांना बसायला सोयीचे होते, याचा विचार कोणी केला नव्हता. 1992 मध्ये राज्याच्या ऊर्जा आयोगाने केलेल्या अभ्यासाने प्रकरण चव्हाट्यावर आले. 2004 च्या अहवालात वर्षाला 75 ते 116 सोनेरी गरुड मरत असल्याचा अंदाज आला. मग उपायांची रीघ लागली: मनोऱ्यांवर बसू नये म्हणून तारा, हिवाळ्यात चक्क्या बंद, सर्वांत घातक चक्क्या उखडून टाकणे. खटले झाले. 2010 मधल्या एका तडजोडीत एका कंपनीने सुमारे 2,400 जुन्या चक्क्या काढून त्यांच्या जागी शंभराच्या आसपास मोठ्या उभारायचे कबूल केले. थोड्या, उंच आणि संथ फिरणाऱ्या चक्क्या, शिवाय जागा बघून उभारलेल्या. अल्टामाँटमध्ये सर्वांत जास्त फरक पडला तो कोणत्याही उपकरणापेक्षा या बदलामुळे, असे माझे मत आहे.

पण गरुडासारखा तीक्ष्ण नजरेचा पक्षी एवढे मोठे पाते चुकवू का शकत नाही? मेरीलँड विद्यापीठातल्या विल्यम होडोस यांनी हा प्रश्न डोळ्याच्या पडद्याला विचारला. पक्षी पात्याच्या जवळ येतो तसे पात्याचे टोक त्याच्या डोळ्यापुढून इतक्या वेगाने सरकते की प्रतिमा फराटा होऊन पुसट होते, आणि ऐन जवळ आल्यावर पाते जणू नाहीसे होते. 2003 च्या त्यांच्या अहवालात उपाय साधा होता: तीनपैकी एकच पाते काळे रंगवा, फराटा तुटेल. ही सूचना दहा वर्षे कागदावर राहिली. नॉर्वेच्या स्मोला बेटावर 68 पवनचक्क्या आहेत आणि तिथे पांढऱ्या शेपटीचे समुद्री गरुड वीण घालतात. गरुड मरू लागल्यावर 2013 मध्ये तिथल्या चार चक्क्यांचे एकेक पाते काळे करण्यात आले. 2020 मध्ये नॉर्वेच्या निसर्ग संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या निकालानुसार शेजारच्या न रंगवलेल्या चक्क्यांच्या तुलनेत मृत्यू जवळजवळ 72 टक्क्यांनी घटले. जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी उचलली. चार चक्क्यांच्या हिशेबावर केवढा भार टाकायचा, हे त्या संशोधकांनीच सबुरीने सांगितले होते, पण सबुरीची बातमी होत नाही. दक्षिण आफ्रिकेत होपफील्डला हाच प्रयोग काळ्याऐवजी लाल पट्ट्यांनी सुरू झाला, कारण विमानवाहतुकीच्या नियमांत काळे पाते बसत नव्हते.

रंगाच्या या आशेला एक मर्यादा होती आणि ती ग्रॅहॅम मार्टिन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवून दिली. 2012 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गिधाडांचे दृष्टिक्षेत्र मोजले. गिधाडाच्या डोक्याच्या वर आणि खाली मोठी आंधळी क्षेत्रे असतात. उडताना ते जमिनीवरचे मढे शोधायला मान खाली घालते, आणि तसे करताच समोरची दिशा त्या आंधळ्या भागात जाते. म्हणजे गिधाड जिकडे चालले आहे तिकडे पाहतच नसते. लक्षावधी वर्षे आकाशात समोर आदळण्यासारखे काही नव्हते, त्यामुळे त्याचे काही बिघडलेही नाही. अशा पक्ष्यापुढे पाते काळे रंगवा नाहीतर तांबडे, त्याला ते दिसणारच नाही. दीपगृहाच्या दांड्यांपासून काळ्या पात्यांपर्यंत सगळ्या उपायांचे गृहीतक एकच होते: पक्ष्याने वागणूक बदलावी. गिधाडाच्या मानेपाशी ते गृहीतक संपते.

इथून आपण स्पेनच्या दक्षिण टोकाला, तारिफाला जाऊ. युरोप आणि आफ्रिका यांच्यामध्ये इथे समुद्र जेमतेम 14 किलोमीटर रुंद आहे. गिधाडे, गरुड, करकोचे हे पंख न हलवता उष्ण हवेच्या झोतांवर तरंगणारे पक्षी. समुद्रावर तसे झोत मिळत नाहीत, म्हणून दोन खंडांतले असे पुष्कळ पक्षी या चिंचोळ्या वाटेवर गोळा होतात. वाराही नेमका इथलाच जोरदार, आणि 1990 च्या दशकात टेकड्यांवर चक्क्या आल्या. प्रकल्पाआधी वर्तवलेले धोके आणि नंतर पडलेली प्रेते यांचा मेळ बसेना. अभ्यासकांच्या ध्यानात आले की मृत्यू सगळीकडे सारखे होत नाहीत. थोड्या ठरावीक चक्क्याच बहुतेक गिधाडे मारतात, आणि तेही मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मग 2008 पासून अगदी अडाणी वाटावा असा उपाय सुरू झाला. टेकडीवर दुर्बीण घेऊन माणूस बसवायचा. गिधाड धोकादायक चक्कीकडे येताना दिसले की त्याने नियंत्रण कक्षाला कळवायचे आणि तीन मिनिटांच्या आत ती चक्की थांबवायची. 2012 मध्ये मान्वेला दे लुकास आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: गिधाडांचे मृत्यू निम्म्यावर आले आणि वर्षभरातले विजेचे नुकसान भरले 0.07 टक्के. पुढे 2022 मध्ये अनेक वर्षांचा ताळा प्रसिद्ध झाला, तेव्हा गिधाडांच्या मृत्यूंतली घट 92.8 टक्क्यांवर पोहोचली होती आणि विजेची घट अर्ध्या टक्क्याच्या आसपासच होती.

या सबंध इतिहासात मला सर्वांत मोठे वळण वाटते ते हे. शंभर वर्षे पक्ष्याला काही शिकवण्याचा खटाटोप चालला होता. तारिफात पहिल्यांदा यंत्राला थांबायला शिकवले गेले, आणि शिकवणारा होता कडक उन्हात टेकडीवर बसलेला निरीक्षक. त्यानंतरचे सगळे तंत्रज्ञान म्हणजे त्या माणसाची जागा घेण्याची धडपड आहे. पोर्तुगालमध्ये साग्रेसजवळ बाराओ द साओ जोआओ इथे 2010 पासून निरीक्षकांच्या जोडीला रडार आले. टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या पवनप्रकल्पात त्याच सुमारास रडार थेट चक्क्यांना जोडले गेले. इजिप्तमध्ये सुएझच्या आखातावर, करकोचे आणि गरुड यांच्या राजमार्गावर, माणूस आणि रडार मिळून ‘गरजेनुसार थांबा’ ही पद्धत चालवतात.

अमेरिकेत मात्र या धडपडीला न्यायालयाने टाच मारली. वायोमिंगमधल्या दोन प्रकल्पांत 14 सोनेरी गरुड आणि 149 इतर पक्षी मेल्याबद्दल ड्यूक एनर्जीच्या कंपनीने नोव्हेंबर 2013 मध्ये गुन्हा कबूल केला आणि 10 लाख डॉलरचा दंड ठरला. स्थलांतरी पक्षी कायद्याखाली पवनऊर्जा कंपनीवर झालेली ही पहिली फौजदारी कारवाई. त्याच वायोमिंगमधल्या ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ प्रकल्पात मग ‘आयडेंटिफ्लाइट’ नावाचे खांब उभे राहिले. त्यांवर चहूकडे रोखलेले स्थिर कॅमेरे हालचाल टिपतात, वर फिरणारी दुहेरी कॅमेऱ्याची जोडी त्या ठिपक्याकडे वळते आणि दोन प्रतिमांमधल्या फरकावरून अंतर काढते. हजारो छायाचित्रांवर तयार केलेली संगणकप्रणाली तो गरुड आहे की कावळा हे ठरवते. गरुड असेल आणि त्याची वाट पात्याकडे जात असेल, तर संदेश जातो आणि पाती वाऱ्याला कड देऊन मंदावतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत या प्रणालीने गरुडांचे मृत्यू सुमारे 82 टक्क्यांनी घटवल्याचे दिसले. थकवा नाही, डुलकी नाही, पगार नाही. मात्र रात्री आणि दाट धुक्यात कॅमेरा आंधळाच, आणि ईगल क्लार्कचे रखवालदार याच रात्रींच्या नोंदी लिहीत होते.

त्या रात्रींसाठी डच लोकांनी आपल्या जुन्या रडारकडे पाहिले. हवाई दलाच्या ‘रॉबिन’मधून 2010 मध्ये एक स्वतंत्र कंपनी निघाली होती. ॲम्स्टरडॅम विद्यापीठात रडारच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आणि हवामान यांची सांगड घालून, थव्यांचा मोठा लोंढा कोणत्या रात्री समुद्र ओलांडेल याचे भाकीत दोन दिवस आधी करणारे प्रारूप तयार झाले. 13 मे 2023 रोजी त्यानुसार बोर्सेले आणि एग्मंड आन झे या भागांतल्या सागरी पवनचक्क्या चार तासांपर्यंत मंदावल्या गेल्या, मिनिटाला दोन फेऱ्यांहून कमी वेगाने. समुद्रावर असे पहिल्यांदाच घडत होते. दोन दिवसांची आगाऊ सूचना पक्ष्यांच्या सोयीची नसून वीजजाळ्याच्या सोयीची आहे, हे इथे नोंदवायला हवे. एवढी वीज एकाएकी गेली तर ती दुसरीकडून आणावी लागते.

आपल्याकडे ही कुळकथा वेगळ्या वळणाने आली. 1986 मध्ये केंद्र सरकारने प्रात्यक्षिक पवनप्रकल्प उभारले, त्यांतला एक रत्नागिरीच्या किनाऱ्यावर होता. नंतर साताऱ्याची पठारे पवनचक्क्यांनी भरली. सह्याद्रीच्या उत्तर भागातल्या भांबरवाडी पठारावर डॉ. सतीश पांडे आणि सहकाऱ्यांनी पक्षी-टकरीच्या धोक्याचा अभ्यास करून 2013 मध्ये तो प्रसिद्ध केला. देशभर गाजला तो मात्र माळढोक. त्याची नजर दोन्ही बाजूंना उत्तम आणि समोर अपुरी, शरीर जड, म्हणून तो पात्यांपेक्षा पवन आणि सौर प्रकल्पांची वीज वाहून नेणाऱ्या तारांवर आपटतो. 19 एप्रिल 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अधिवासातल्या तारा शक्य तिथे जमिनीखालून नेण्याचा आणि इतर ठिकाणी तारांवर चकाकत्या तबकड्या लावण्याचा आदेश दिला. 2024 मध्ये न्यायालयाने तो आदेश शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली. तबकडी म्हणजे पुन्हा पक्ष्यानेच पाहावे हा जुना मार्ग. तारेला थांबवता येत नाही, त्यामुळे तिथे दुसरा मार्गही नाही.

आणि मग साताऱ्याच्या पठारांपैकी चाळकेवाडी. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी 2018 मध्ये तिथल्या पठाराचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात टकरींचा प्रश्न बाजूलाच राहिला. चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी चक्क्यांच्या भागापेक्षा जवळजवळ चौपट आढळले. पक्षी चक्क्यांना टाळत होते. त्यामुळे चक्क्यांखाली गळ्याशी रंगीत पंखा मिरवणारे सरडे वाढले, ते माणसाला जवळ येऊ देऊ लागले, अंगाने किरकोळ झाले आणि त्यांच्या गळ्याचा रंगही फिका पडला. न मरता निघून गेलेल्या पक्ष्यासाठी कोणता कॅमेरा चक्की थांबवणार? त्याचे उत्तर चक्की उभी राहण्याआधीच शोधावे लागते. 2022 मध्ये बर्डलाइफ इंटरनॅशनलने पवन आणि सौर प्रकल्पांच्या जागा ठरवण्यासाठी पक्ष्यांच्या संवेदनशीलतेचा एक खुला नकाशा आणला. पहिल्या चार देशांत भारत होता आणि भारताच्या कामात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा सहभाग होता. त्यावर कोणीही देशाचा कुठलाही तुकडा निवडून तिथला धोका कमी आहे की अतिशय जास्त, ते पाहू शकतो. चाळकेवाडीची पाती फिरू लागली तेव्हा असा नकाशा अस्तित्वात नव्हता. यापुढच्या पठारांच्या बाबतीत तो आहे, आणि प्रकल्पाला परवानगी देण्याआधी तो उघडून पाहण्याची सक्ती कोण करणार, हा प्रश्न उरतो.